हौशी काळातले दिग्गज रग्बी संघ आणि आजचे व्यावसायिक संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी चर्चा पंधरा खेळाडूंच्या पुरुष रग्बी युनियनबद्दल आहे. सेव्हन्स (सात जणांचा प्रकार) आणि रग्बी लीग (तेरा जणांचा वेगळा खेळ) यांचा हिशोब वेगळा असतो, म्हणून ते यात मिसळलेले नाहीत.

हौशी आणि व्यावसायिक काळ यांच्यातली रेघ नेमकी कुठे येते?

कागदावर २६ ऑगस्ट १९९५. त्या दिवशी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने खेळ सगळ्यांसाठी खुला केला आणि खेळण्याबद्दल पैसे घेणं वैध झालं. त्याआधी बरोबर शंभर वर्षं, म्हणजे १८९५ मध्ये, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले होते. शनिवारी सामना खेळताना कामगाराची मजुरी बुडायची, त्याची भरपाई द्यायची की नाही, एवढाच वाद होता. त्यातून पुढे रग्बी लीग जन्माला आलं.

युनियनमध्ये मात्र नियम कडकच राहिला. आत्मचरित्राचं मानधन घेतलं म्हणून गॅरेथ एडवर्ड्स, बॅरी जॉन आणि बिल बोमाँट यांना निवृत्तीनंतरही व्यावसायिक ठरवून खेळाच्या कामकाजापासून दूर ठेवलं गेलं.

मैदानावरची रेघ इतकी स्पष्ट नाही. वेल्सने १९६० च्या दशकाच्या शेवटी राष्ट्रीय संघासाठी नियमित सराव सुरू केला, तेव्हा इतर संघ सामन्याच्या एक-दोन दिवस आधी एकत्र जमत होते. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात उतरलेला न्यूझीलंडचा संघ पगार सोडून बाकी सगळ्या बाबतींत व्यावसायिकच होता. त्यामुळे आम्ही हौशी काळाचे तीन तुकडे पाडतो: १९७० च्या आधीचा, १९७० ते १९८६ आणि १९८७ ते १९९५. पहिल्या तुकड्यातला संघ आणि तिसऱ्या तुकड्यातला संघ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढं तिसऱ्या तुकड्यात आणि १९९९ मध्ये नाही.

थेट सांगा: १९७४ चे लायन्स आणि २०२३ चे स्प्रिंगबॉक्स समोरासमोर आले तर?

लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा निवडक संयुक्त संघ, स्प्रिंगबॉक्स म्हणजे दक्षिण आफ्रिका. आजच्या नियमांनी खेळले तर स्प्रिंगबॉक्स मोठ्या फरकाने जिंकतील. यात लायन्सचा कप्तान विली जॉन मॅकब्राइडच्या संघाचा काही कमीपणा नाही. बँकेत किंवा पोलाद कारखान्यात दिवसभर काम करून संध्याकाळी सराव करणारा माणूस आणि रोजचा व्यायाम, आहार, झोप, विश्रांती हाच ज्याचा पेशा आहे तो माणूस, यांच्यात ८० मिनिटांची झुंज लावली तर निकाल आधीच ठरलेला असतो. कस लागतो तो पहिल्या वीस मिनिटांनंतर. सलग दहा-बारा टप्पे चेंडू आपल्याकडे ठेवणारं आक्रमण १९७४ च्या बचावाने कधी पाहिलेलंच नव्हतं.

१९७४ च्या नियमांनी खेळवलं तर प्रश्न जास्त रंगतदार होतो. लाइनआउटमध्ये (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्ये टाकतात तेव्हा) खेळाडूला उचलायला बंदी, डावपेच म्हणून बदली खेळाडू नाही, जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झुंजीत, म्हणजे रकमध्ये, बुटांचा वापर चालू, आणि स्क्रममध्ये (आठ-आठ जणांच्या रेटारेटीत) हूकरला, म्हणजे पहिल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला, चेंडू खरोखर पायाने ओढून घ्यावा लागणार. आजच्या हूकरला ती सवय राहिलेली नाही, कारण आता चेंडू बराचसा आपल्याच बाजूला कलता टाकला जातो आणि पुढचं काम आठ जणांचा रेटा करतो. बॉबी विंडसरसारखा हूकर समोरच्या संघाचे दोन-चार चेंडू तरी नक्की चोरेल. एकशे वीस किलोंच्या फॉरवर्डला (स्क्रममधल्या आठांपैकी एकाला) पूर्ण ८० मिनिटं मैदानावर ठेवायची वेळ आली तर शेवटच्या वीस मिनिटांत त्याचाही दम निघेल. तरीही आमचं मत स्प्रिंगबॉक्सच्याच बाजूने आहे. फक्त फरक बराच कमी असेल.

हाच प्रश्न क्रिकेटमध्ये मराठी वाचकाला चटकन कळतो. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणाऱ्या संघाचे कप्तान अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करत होते. त्या संघाची थोरवी आजच्या संघाशी सामना लावून कोणी मोजत नाही.

मग तुलना करायची तरी कशी?

काळ ओलांडून सामना लावायचा नाही. प्रत्येक संघ आपल्या काळातल्या बाकी संघांच्या किती पुढे होता, ते मोजायचं. आमची पद्धत अशी:

१. एका सामन्यावर किंवा एका स्पर्धेवर संघ तोलू नका. साधारण त्याच गाभ्याने खेळलेल्या किमान १५ कसोट्या घ्या. लायन्स दर चार वर्षांनी एकत्र येतात, त्यांना हे लागू पडत नाही. त्यांची तुलना फक्त इतर लायन्स संघांशी आणि मालिकेच्या निकालावर करा.

२. कसोट्या आणि दौऱ्यातले बाकीचे सामने वेगळ्या रकान्यांत लिहा.

३. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापुढे त्याची त्याच दोन वर्षांतली इतर संघांविरुद्धची कामगिरी लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच घोळ होतो. १९८८ मध्ये न्यूझीलंडने वेल्सला ५२-३ आणि ५४-९ असं हरवलं. नुसते आकडे पाहिले की वेल्स दुबळं होतं असं वाटतं. पण त्याच वर्षी वेल्सने ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांना हरवल्याचा मान) जिंकला होता आणि आदल्या वर्षी विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला होता. एवढं कळलं की त्या दोन निकालांचं वजन बदलतं.

४. गुण आजच्या मोलात बदलून घ्या. कसे, ते पुढच्या उत्तरात आहे.

५. घरचे आणि परदेशातले सामने वेगळे करा. पूर्वी बोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करून लोक खेळायला उतरत.

६. त्या काळात कोण खेळतच नव्हतं, ते शेवटी लिहा: बहिष्कृत देश, वंशामुळे वगळलेले खेळाडू, लीगकडे गेलेले खेळाडू.

जुन्या सामन्याचे गुण आजच्या गुणांत कसे बदलायचे?

ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं, कन्व्हर्जन म्हणजे त्यानंतर मिळणारी जादा किक, पेनल्टी म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दलची किक आणि ड्रॉप गोल म्हणजे चालू खेळात टप्पा पाडून मारलेली किक. ट्रायला १९७१ पर्यंत ३ गुण होते, मग ४ झाले आणि १९९२ पासून ५ आहेत. ड्रॉप गोलला १९४८ पर्यंत ४ गुण होते, तेव्हापासून ३ आहेत. कन्व्हर्जनचे २ आणि पेनल्टीचे ३ या संपूर्ण काळात तसेच राहिले. म्हणजे तुम्हाला अंतिम गुणसंख्येबरोबर ट्राय, कन्व्हर्जन, पेनल्टी, ड्रॉप गोल यांची फोड हवी. फोड नसेल तर बदल करूच नका, अंदाजाने केलेली बेरीज फसवते.

चार नमुने:

न्यूझीलंड विरुद्ध लायन्स, पहिली कसोटी, ड्युनेडिन, १९५९. लायन्सने ४ ट्राय केले, १ कन्व्हर्जन, १ पेनल्टी, एकूण १७. न्यूझीलंडचा एकही ट्राय नाही, पण डॉन क्लार्कच्या ६ पेनल्टी, एकूण १८. आजच्या मोलाने लायन्स २५-१८ ने जिंकले असते.

स्कॉटलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मरेफील्ड, १९५१. ९ ट्राय, ७ कन्व्हर्जन, १ ड्रॉप गोल, निकाल ४४-०. आजचे ६२-०.

बार्बेरियन्स (निमंत्रित खेळाडूंचा संघ) विरुद्ध न्यूझीलंड, कार्डिफ, २७ जानेवारी १९७३. २३-११ हा निकाल आज २७-१३ होतो. दोन्ही बाजूंचे मिळून ६ ट्राय असूनही अंतर फक्त दोन गुणांनी वाढतं, कारण तेव्हा ट्राय ४ गुणांचा झालेला होता.

दक्षिण आफ्रिका विरुद्ध लायन्स, दुसरी कसोटी, प्रिटोरिया, १९७४. लायन्सचे ५ ट्राय, २८-९. आज ३३-९.

इथे एक सावधगिरी हवी. बदललेले गुण म्हणजे बदललेला सामना नव्हे. ट्रायला ३ गुण असताना पेनल्टी तेवढ्याच मोलाची होती, त्यामुळे कप्तान खांबांकडे बोट दाखवायचा, म्हणजे किक घ्यायचा, आणि बचाव करणारा संघ ट्रायची भीती थोडी कमी बाळगायचा. शिवाय पेनल्टी किक बाहेर मारल्यावर लाइनआउटचा चेंडू आपल्यालाच टाकायला मिळतो, ही सोय हौशी काळात बहुतेक वर्षं नव्हती. कोपऱ्यात किक, लाइनआउट, मॉल (उभ्या घोळक्याचा रेटा), ट्राय हे आजचं ठरलेलं चक्र त्यामुळे तेव्हा शक्यच नव्हतं. १९५९ चा निकाल उलटा होतो म्हणून क्लार्कच्या संघाने चूक केली असं समजू नका. ते त्यांच्या नियमांत अगदी बरोबर खेळले.

१९०५ चा न्यूझीलंड संघ ३५ पैकी ३४ सामने जिंकला. आजचा कोणता संघ त्याच्या जवळ जातो?

ही तुलना तशी करता येत नाही. डेव्ह गॅलहरच्या त्या संघाने ९७६ गुण केले आणि फक्त ५९ दिले, म्हणजे सामन्यामागे सरासरी जवळपास २८ विरुद्ध दोनहूनही कमी. पण ३५ पैकी कसोट्या पाचच: स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड, वेल्स, फ्रान्स. बाकी काउंटी, क्लब आणि निवडक संघ. कार्डिफला १६ डिसेंबर १९०५ रोजी टेडी मॉर्गनच्या एकमेव ट्रायवर वेल्सने त्यांना ३-० हरवलं. बॉब डीन्सचा न मिळालेला ट्राय न्यूझीलंडमध्ये अजून विसरला गेलेला नाही.

१९२४-२५ चा न्यूझीलंड संघ तर ३२ पैकी ३२ सामने जिंकला. ८३८ गुण केले, ११६ दिले. जॉर्ज निपिया अवघ्या एकोणीस वर्षांचा फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू), आणि ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्समधल्या प्रत्येक सामन्यात खेळला. ही गोष्ट आजच्या संघव्यवस्थापकाला सांगितली तर तो हादरेल. इंग्लंडविरुद्ध सिरिल ब्राउनलीला मैदानाबाहेर काढल्यावर बहुतेक सामना ते चौदा जणांनी खेळले आणि तरी जिंकले. मात्र त्या दौऱ्यात स्कॉटलंडशी सामनाच झाला नाही, आणि १९२५ मध्ये ग्रँड स्लॅम (युरोपच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) जिंकला तो स्कॉटलंडनेच. त्या मोसमातला युरोपचा सर्वोत्तम संघ समोर न येता मिळालेलं हे अजिंक्यपद आहे. आम्ही ते कमी लेखत नाही, पण आकड्याशेजारी ही ओळ असलीच पाहिजे.

दौऱ्यातले मधले सामने सोपे असत असंही धरू नका. ३१ ऑक्टोबर १९७२ ला लनेथली या वेल्सच्या क्लबने न्यूझीलंडला ९-३ हरवलं. सहा वर्षांनी, त्याच तारखेला, लिमरिकमध्ये मन्स्टर या आयरिश प्रांताच्या संघाने १२-० हरवलं. मन्स्टरकडून हरलेल्या त्याच संघाने त्या दौऱ्यात चारही ब्रिटिश-आयरिश देशांना हरवलं.

खेळाडूंच्या वजनात खरंच इतका फरक पडला आहे का?

हो. फाइव्ह नेशन्स आणि नंतरच्या सिक्स नेशन्स (युरोपची वार्षिक स्पर्धा) संघांचा १९५५ ते २०१५ असा अभ्यास झालेला आहे. सरासरी वजन सुमारे ८५ किलोंवरून सुमारे १०५ किलोंवर गेलं. माणशी २० किलो. आठ फॉरवर्ड धरले तर स्क्रममध्ये एका बाजूला १६० किलोंची भर. त्याच वेगाने धावणाऱ्या दोन खेळाडूंची टक्कर झाली तर आदळण्याची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पाव पटीने जास्त. आणि आजचे फॉरवर्ड हळू धावत नाहीत.

कॉलिन मीड्स हे हौशी काळातल्या ताकदीचं प्रतीक मानले जात. न्यूझीलंडच्या किंग कंट्रीतले शेतकरी, उंची १.९२ मीटर, वजन शंभरेक किलो, जागा लॉकची (स्क्रमच्या दुसऱ्या फळीतली). आज त्या अंगकाठीचा खेळाडू फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून निवडला जातो. दक्षिण आफ्रिकेचा लॉक एबेन एत्झेबेथ २.०३ मीटरचा आहे.

मागच्या फळीत चित्र इतकं एकसारखं नाही. चेस्लिन कोल्बे १.७१ मीटर उंचीचा असून दोन विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. जेराल्ड डेव्हिससारखा हलका, क्षणात दिशा बदलणारा विंगर आजही जागा मिळवेल असं आम्हाला वाटतं, पण उंच उडालेल्या किकखाली उभं राहायला त्याला नव्याने शिकावं लागेल.

खेळाचा वेग किती बदलला?

१९८० च्या आसपास ८० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असायचा तो २५ मिनिटांच्या आसपास. आज तो आकडा ३५ च्या घरात आहे. स्क्रम आणि लाइनआउट कमी झाले, पास, टॅकल आणि रक कितीतरी वाढले. ब्लेडिस्लो कपच्या (न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया) १९७२ ते २००४ च्या सामन्यांवर झालेल्या अभ्यासातही हाच कल दिसला.

सगळं श्रेय व्यावसायिकतेला देऊ नका, मोठा वाटा नियमांचा आहे. १९६३ मध्ये मरेफील्डवर वेल्सने स्कॉटलंडला ६-० हरवलं तेव्हा एका सामन्यात १११ लाइनआउट झाले. वेल्सचे कप्तान क्लाइव्ह रोलंड्स चेंडू हातात आला की बाहेर मारत राहिले, कारण नियमात ते बसत होतं. १९७० मध्ये नियम बदलला: आपल्या २५ यार्डांच्या रेषेपुढून चेंडू थेट बाहेर मारला तर जागेचा फायदा मिळणार नाही. १९७० च्या दशकातला वेल्सचा देखणा खेळ या बदलानंतरच फुलला. बॅरी जॉन आणि फिल बेनेट यांची प्रतिभा खरीच, पण तिला मोकळं मैदान या नियमाने दिलं.

लाइनआउट आणि स्क्रम यांची तुलना करताना लोक कुठे चुकतात?

लाइनआउटमध्ये खेळाडूला उचलणं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वैध झालं. त्याआधी उडी स्वतःच्या पायांवर मारायची, आजूबाजूला कोपर, खांदे, धक्के चालू असताना. तेव्हा आपल्याच संघाने टाकलेला चेंडू हातचा जाणं नेहमीचं होतं. आज दहापैकी साडेआठ-नऊ वेळा तो आपल्याकडेच राहतो. त्यामुळे ‘जुन्या संघांचं लाइनआउट गचाळ होतं’ हा शेरा चुकीचा ठरतो, कारण तेव्हाची झुंजच वेगळी होती. आणखी एक बारीक गोष्ट: १९६० च्या दशकापर्यंत चेंडू टाकायचं काम विंगरचं असे, हूकरचं नंतर झालं.

स्क्रमबाबत उलटी चूक होते. जुन्या चित्रणात स्क्रम पटकन जुळतो, चेंडू पटकन बाहेर येतो, म्हणून लोक म्हणतात की तेव्हाचे प्रॉप (पहिल्या फळीतले कडेचे दोघे) जास्त कुशल होते. तेव्हा दोन्ही फळ्या अंतर ठेवून एकमेकांवर आदळत नव्हत्या, एकमेकांत शिरून जुळत होत्या. आघाताचा स्क्रम नंतर आला, त्यातून स्क्रम कोसळण्याचं प्रमाण आणि मानेच्या दुखापतींची भीती वाढली, म्हणून २०१३ मध्ये आधी पकड आणि मग जुळणी असा क्रम बांधून देण्यात आला. ग्रॅहम प्राइस, बॉबी विंडसर आणि चार्ली फॉकनर ही पाँटिपूल या वेल्श क्लबची पहिली फळी तंत्रात आजच्या कुणालाही धडे देऊ शकली असती. पण मागून येणारा रेटा आज ज्या वजनाचा असतो, त्यापुढे नुसत्या तंत्रावर टिकाव लागत नाही.

राखीव खेळाडूंचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का मानला जातो?

कारण आजचा संघ १५ जणांचा राहिलेला नाही, तो २३ जणांचा आहे. १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यात बदलीच नव्हती. पाय मोडला तर संघ चौदा जणांनी खेळायचा, किंवा जखमी माणूस विंगवर लंगडत उभा राहायचा. त्या वर्षी लायन्सकडून प्रिटोरियात बॅरी जॉन जखमी झाल्यावर माइक गिब्सन आत आले, ती कसोटीतली पहिली बदली. दुखापत नसताना डावपेच म्हणून खेळाडू बदलायची मुभा १९९६ मध्ये मिळाली.

२०२३ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने आठ राखिवांत सात फॉरवर्ड ठेवले आणि मागच्या फळीचा फक्त एक. दुसऱ्या सत्रात जवळपास नवी फॉरवर्ड फळी उतरवायची, हा बेत. हूकर बोंगी म्बोनांबी पहिल्या काही मिनिटांतच जखमी झाला आणि मूळचा फ्लँकर असलेल्या डिऑन फूरीला जवळपास पूर्ण सामना हूकर म्हणून काढावा लागला. लाइनआउटवर त्याचा परिणाम दिसला. तरी ते १२-११ ने जिंकले.

जुन्या संघाशी तुलना करताना शेवटच्या वीस मिनिटांतले गुण बाजूला काढून पाहा. व्यावसायिक संघाने तिथे किती कमावले ते कळलं की त्यातला किती भाग ताज्या पायांचा होता याचा अंदाज येतो.

जुने खेळाडू चेंडू हाताळण्यात सरस होते का?

काही बाबतीत, हो. शेवटच्या बचावपटूला गुंतवून पास देणं, दोन्ही पायांनी किक मारणं, मोकळी जागा हेरून एकट्याने निर्णय घेणं, यात १९७१ च्या लायन्सची मागची फळी आजही अभ्यासावी अशी आहे. प्रशिक्षक कार्विन जेम्स यांनी खेळाडूंना ठरलेल्या चालींत बांधलं नाही. मात्र तेव्हा मैदानावर मोकळी जागा जास्त होती, हे विसरू नका. आजचा बचाव तेरा-चौदा जणांची सरळ रेषा धरून पुढे सरकतो आणि रकमध्ये एक-दोनच माणसं गुंतवतो. बॅरी जॉनला चेंडू मिळाल्यावर जो क्षण मिळायचा, तो आजच्या फ्लाय-हाफला (खेळ चालवणाऱ्या मागच्या फळीतल्या खेळाडूला) मिळत नाही.

किकिंगमध्ये आजचे खेळाडू निर्विवाद पुढे आहेत, पण साधनांचा वाटा मोठा आहे. जुना चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन जड व्हायचा. टाचेने जमिनीत खड्डा करून त्यात तो उभा करायचा आणि डॉन क्लार्कच्या पिढीत बुटाच्या चवड्याने सरळ मारायचा. बाजूने वळून पायाच्या आतल्या भागाने मारण्याची पद्धत १९७० च्या दशकात रुळली. आजचा चेंडू पाणी धरत नाही, प्लॅस्टिकच्या टीवर हव्या त्या कोनात बसतो, आणि मैदान चिखलाचं नसतं.

तेव्हाच्या मारामारीचं काय? आजच्या कार्डांनी ते संघ अर्धे बाहेर गेले असते का?

काही सामन्यांत नक्कीच. १९७१ मध्ये कँटरबरीविरुद्धच्या सामन्यात लायन्सचा प्रॉप सँडी कार्मायकल याच्या गालाची हाडं मोडली आणि रे मॅक्लॉक्लिनचा अंगठा. दोघांचाही दौरा तिथेच संपला. १९७४ च्या लायन्सनी ‘९९’ अशी हाक ठरवली होती: एकावर हल्ला झाला की सगळ्यांनी एकदम जवळच्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचं, म्हणजे पंच पंधरा जणांना बाहेर काढणार नाही. आज व्हिडिओ पंच प्रत्येकाला वेगळं पाहतो, त्यामुळे ती युक्ती चालणार नाही. २०२३ मध्ये न्यूझीलंडचा कप्तान सॅम केन याचं पिवळं कार्ड पुनर्तपासणीत लाल झालं, पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं पहिलंच.

डोक्याच्या दुखापतींबाबत जुना काळ भयंकर होता. आज संशय आला तरी खेळाडूला १२ मिनिटांच्या तपासणीसाठी बाहेर नेतात. तेव्हा भोवळ आलेला माणूस खेळत राहिला की त्याची तारीफ व्हायची. आजच्या टकरा जड आहेत आणि हंगाम लांब, म्हणून धोका संपलेला नाही. पण ‘तेव्हाचे लोक कणखर होते’ या वाक्यात किती जणांचं पुढचं आयुष्य खर्ची पडलं, हे वाचकाने लक्षात घ्यावं.

हौशी काळातल्या संघांत सगळे सर्वोत्तम खेळाडू असायचे का?

नाही, आणि या मुद्द्यावर आम्ही तडजोड करत नाही. १९३७ मध्ये न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकणारा आणि १९५१-५२ मध्ये ३१ पैकी ३० सामने जिंकणारा, असे दक्षिण आफ्रिकेचे दोन्ही संघ फक्त गोऱ्यांतून निवडलेले होते. एरल टोबायस हा स्प्रिंगबॉक्सकडून कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तो १९८१ मध्ये. न्यूझीलंडनेही १९२८, १९४९ आणि १९६० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यांवर माओरी खेळाडू नेले नाहीत. निपियासारखा फुलबॅक १९२८ मध्ये घरी राहिला. १९४९ ची मालिका न्यूझीलंडने ०-४ गमावली, तिच्याकडे ही बाब सोडून पाहता येत नाही.

दुसरी गळती पैशांची होती. वेल्स आणि उत्तर इंग्लंडचे कामगार घरातले खेळाडू लीगकडे जात आणि परत येऊ शकत नसत. वेल्सचा फ्लाय-हाफ जोनाथन डेव्हिस १९८९ मध्ये विडनेस या लीग क्लबकडे गेला. ऐन भरातला खेळाडू, पण देशाच्या संघाला मुकला.

आजच्या दक्षिण आफ्रिका संघाचा कप्तान कृष्णवर्णीय सिया कोलिसी आहे. व्यावसायिक काळाने केलेला सर्वांत मोठा फरक व्यायामशाळेत नसून निवडीच्या यादीत आहे, असं आमचं ठाम मत आहे.

जुनं चित्रण पाहताना काय सांभाळावं?

ठळक क्षण पाहू नका, पूर्ण सामना पाहा. १९७३ च्या बार्बेरियन्स सामन्यातला एडवर्ड्सचा ट्राय सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्याच सामन्यातले निसटलेले चेंडू कोणी पाहिलेले नसतात.

१९०५ किंवा १९२४ ची बातमीपटाची फीत असेल तर गतीवर विश्वास ठेवू नका. मूक काळातली फीत सेकंदाला कमी चौकटींनी घेतलेली असते आणि नंतर जास्त चौकटींनी चालवली की माणसं विजेसारखी पळताना दिसतात.

एक घड्याळ घ्या आणि चेंडू खेळात असतो तेवढाच वेळ मोजा. पंचाच्या शिटीला थांबवा, चेंडू हातातून सुटला की सुरू करा. कागदावर चार रकाने पाडा: स्क्रम, लाइनआउट, रक-मॉल, हातातून मारलेल्या किक. एका सत्राचंच केलं तरी पुरे. कॅमेरा एकच आणि उंचावर असल्यामुळे रकमधलं काही दिसणार नाही, ते अंदाजाने भरू नका.

भारताचा या इतिहासाशी काही संबंध आहे का?

एक थेट दुवा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक घडवण्यात आला. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी १८७९ पासून खेळतात, हौशी काळात खेळले आणि आजही खेळतात. दोन्ही काळांची एकाच चषकावर तुलना करायची असेल तर ही मालिका उत्तम.

अखेर तुमच्या मते सर्वांत थोर संघ कोणता?

लायन्समध्ये १९७१ चा, १९७४ चा नाही. १९७४ चा संघ २२ सामन्यांत अपराजित राहिला, २१ जिंकला आणि शेवटची कसोटी १३-१३ अशी बरोबरीत सुटली. पण समोरची दक्षिण आफ्रिका गोंधळलेली होती, तिसऱ्या कसोटीत तर त्यांनी आठव्या क्रमांकाच्या फॉरवर्डला स्क्रम-हाफ (स्क्रममधून चेंडू काढून देणारा) म्हणून उतरवलं. १९७१ मध्ये जॉन डॉसच्या संघाने न्यूझीलंडला त्यांच्याच घरी २-१ असं हरवलं, एक कसोटी बरोबरीत. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी जिंकलेली ती आजवरची एकमेव मालिका आहे.

देशांच्या संघांत आमची निवड १९८७ ते १९९० चा न्यूझीलंड. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सवर २९-९, त्याआधी उपांत्य सामन्यात वेल्सवर ४९-६. सलग २३ कसोट्यांत अपराजित, त्यांत १९८८ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाशी १९-१९ अशी एकच बरोबरी. वेन शेल्फर्ड कप्तान असताना एकही कसोटी हरले नाहीत. मायकल जोन्स आणि जॉन कर्वन यांना तसंच उचलून आजच्या संघात ठेवता येईल. या निवडीविरुद्धचा सबळ मुद्दा एकच: वर्णभेदामुळे टाकलेल्या बहिष्कारामुळे दक्षिण आफ्रिका तेव्हा खेळत नव्हती.

व्यावसायिक काळात २०११ ते २०१५ चा न्यूझीलंड. दोन विश्वचषकांच्या मधल्या काळात त्यांचे पराभव फक्त तीन: इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाकडून प्रत्येकी एक. २०१३ मध्ये १४ पैकी १४ जिंकले, त्यातला शेवटचा डब्लिनमध्ये आयर्लंडविरुद्ध, वेळ संपल्यावर केलेला ट्राय आणि त्यावरचं कन्व्हर्जन यांच्या जोरावर २४-२२. सगळे प्रमुख देश पूर्णवेळ सराव करत असताना एवढं पुढे राहणं १९८८ पेक्षा अवघड आहे, हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. तरीही अंतर मोजायचं तर १९८७-९० चा संघ आपल्या काळाच्या जास्त पुढे होता. २०२३ चा स्प्रिंगबॉक्स संघ उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकला: २९-२८, १६-१५, १२-११. जिद्दीत त्याला तोड नाही, वर्चस्वाच्या मोजपट्टीवर मात्र तो या दोघांच्या खाली बसतो.